अंग कोणाचे, नाव कोणाचे?

चित्रपट संपतो, पडद्यावर खालून वर नावे सरकू लागतात आणि नेमक्या त्याच क्षणी चित्रपटगृहातील दिवे लागतात. जळगावात काय किंवा धुळ्यात काय, ती नावे वाचण्यासाठी कोणी खुर्चीत बसून राहिला, असे सहसा घडत नाही. दारे उघडलेली असतात, पुढच्या खेळाची मंडळी बाहेर खोळंबलेली असतात आणि गाडी काढण्याची घाई प्रत्येकालाच असते. तीन तास ज्या निळ्या देहाच्या माणसांनी, बोलणाऱ्या वानरांनी अथवा अक्राळविक्राळ राक्षसांनी प्रेक्षकाला खिळवून ठेवले, त्यांच्या आत प्रत्यक्षात कोण होते, हा प्रश्न त्या घाईत कोणाला पडत नाही. वास्तविक, आजच्या खर्चिक चित्रपटाचे सारे अर्थकारण त्या सरकत्या यादीत दडलेले आहे. इतकेच नव्हे, तर खानदेशातील जे तरुण संगणकावरील चलत्‌चित्रांचा अभ्यासक्रम पुरा करून पुण्या-मुंबईची वा बंगळुरूची वाट धरतात, त्यांचे भवितव्यही त्याच यादीशी बांधलेले आहे.

‘मोशन कॅप्चर’ या नावाने ओळखले जाणारे तंत्र मुळात फारसे गूढ नाही. नट अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतो. त्याच्या सांध्यासांध्यांवर प्रकाश परावर्तित करणारे लहान गोळे बसविलेले असतात. सभोवार लावलेल्या कॅमेऱ्यांना नटाच्या रूपाशी कर्तव्य नसते. ते केवळ त्या गोळ्यांच्या जागा टिपतात. जमिनीच्या मोजणीत दोन ठिकाणांहून कोन घेऊन तिसऱ्या बिंदूचे स्थान काढतात, त्याच न्यायाने संगणक प्रत्येक गोळ्याचे अवकाशातील स्थान क्षणाक्षणाला ठरवीत जातो. चेहऱ्यावरील भाव टिपण्यासाठी डोक्याला एक छोटा कॅमेरा बांधलेला असतो. अशा रीतीने नटाची चाल, त्याचे वळणे, थबकणे, भुवई उंचावणे, हे सारे आकड्यांत उतरते आणि मग त्या आकड्यांवर वानराचे, राक्षसाचे अथवा देवाचे शरीर चढविले जाते.

ही कल्पनाही पूर्णतः आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एत्येन ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने माणसाला काळे कपडे घालून, त्याच्या हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून चालावयास लावले आणि छायाचित्रात केवळ त्या पट्ट्यांची हालचाल पकडली. त्याला मानवी शरीराची गती समजून घ्यावयाची होती. करमणूक हा त्याचा हेतू नव्हता. पुढे या पद्धतीचा उपयोग चालण्यातील दोषांच्या वैद्यकीय अभ्यासासाठी झाला आणि तेथून ती चित्रपटात आली. आता तर गोळे आणि खास पोशाख यांच्यावाचूनही, साध्या चित्रफितीवरून माणसाची हालचाल काढून घेणारे संगणकीय कार्यक्रम उपलब्ध झाले आहेत. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

मात्र एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. नटाने हातपाय हलविले आणि यंत्राने वानर तयार केला, असे होत नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात; म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चित्रे असतात. ज्या चित्रांत असे पात्र दिसते, त्यांतील त्याचे केस, त्याच्या कातडीखालील स्नायूंची हालचाल, डोळ्यांतील ओल, अंगावर पडणारा प्रकाश आणि पायाखाली दबणारे गवत यांवर मानवी हात आणि मानवी नजर फिरलेली असते. यंत्राने टिपलेल्या नोंदींतील चुका निस्तरणे, नटाच्या आखूड हातांची हालचाल वानराच्या लांब हातांना जुळवून घेणे, ही कामे कित्येक आठवडे चालतात. तेव्हा या पात्राचे जनक दोन आहेत: एक, ज्याने अंग दिले तो, आणि दुसरा, ज्याने रात्री जागवून त्या अंगावर रूप चढविले तो.

या दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद पाश्चात्त्य देशांत पुष्कळ झाला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटमालेतील २००२ सालच्या ‘द टू टॉवर्स’ या भागात अँडी सर्किस या ब्रिटिश नटाने साकारलेला गॉलम जगभर गाजला. पुढे त्यानेच किंग काँग आणि ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधील सीझर हा वानर उभा केला. या कामाला अभिनय म्हणावे की नाही, यावर वर्षानुवर्षे चर्चा झडली. परंतु अशा भूमिकेसाठी अभिनयाच्या ऑस्करचे साधे नामांकनही आजवर कोणाला मिळालेले नाही. उलट, नटाची स्तुती होताना आपले श्रम पुसले जातात, अशी संगणकावरील कलावंतांची तक्रार आहे आणि तीही खोटी नाही. तथापि, हे दोघे आपसांत भांडत असताना पात्राचा कायदेशीर मालक मात्र तिसराच असतो, ही गोष्ट या वादात बहुधा विसरली जाते.

सोंग आणि सोंग घेणारा

आपल्याकडे मुखवट्यामागे माणूस असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी भागात बोहाडा होतो. सुरगाणा आणि डांगच्या बाजूस भवाडा होतो. रात्रभर देवांची आणि दैत्यांची सोंगे नाचविली जातात. मुखवटा जड असतो, चेहरा पूर्ण झाकलेला असतो. परंतु अमुक सोंगाचा मान अमुक घराचा, हे गावाला ठाऊक असते. मशालीच्या उजेडात पाऊल पडले की ते कोणाचे, हे बसलेली माणसे ओळखतात. मुखवट्याने चेहरा झाकला, तरी नाव झाकले जात नाही. तमाशातील सोंगाड्याचीही गोष्ट हीच. वेष कोणताही असो, फडाच्या नावाइतकेच सोंगाड्याचे नावही जत्रेत बोलले जाते.

मराठी माणसाने चित्रपट काढला, तेव्हाही हा संकेत काही अंशी टिकला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, त्यात तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळाली नाही. ती मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने केली. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता ही दोन्ही सोंगे त्याच्याच अंगावर आली. शंभराहून अधिक वर्षे लोटली. परंतु उपाहारगृहातील त्या तरुणाचे नाव भारतीय चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात सापडते.

याहून जवळचे उदाहरण धुळ्याहून मुंबईच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या मालेगावचे आहे. व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी तेथे ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. या सुपरमॅनला उडविण्यासाठी हिरव्या कापडाचा पडदा वापरण्यात आला; म्हणजे मोठ्या चित्रपटातील करामतच, फक्त तुटपुंज्या साधनांनी. सुपरमॅन झालेला शेख शफीक हा यंत्रमागावर काम करणारा मजूर होता. फैझा अहमद खान यांनी या खटाटोपावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. या उद्योगात पैसा जवळजवळ नव्हता. पण उडणारा माणूस कोण, हे सबंध गावाला ठाऊक होते. ज्या चित्रपटांवर शेकडो कोटी खर्च होतात, त्यांतील वानरसेनेविषयी असे कोणाला म्हणता येईल काय?

येथे आपल्याच देशातील दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. २०१४ साली आलेला सौंदर्या रजनीकांत यांचा ‘कोचाडैयान’ हा तमिळ चित्रपट या तंत्राचा भारतातील पहिला मोठा प्रयोग मानला जातो. त्यासाठी रजनीकांत यांची हालचाल लंडनजवळ टिपण्यात आली. त्याच चित्रपटात २००९ साली निधन पावलेले विनोदी नट नागेश यांनाही पुन्हा पडद्यावर आणण्यात आले. चेहरा दिवंगत नटाचा आणि अंग जिवंत नटाचे! अशा पात्राची बिदागी कोणाला द्यावयाची: ज्याचा चेहरा आहे त्याच्या वारसांना, की ज्याने घाम गाळला त्याला? बोहाड्यात असा प्रश्न कधी उद्भवला नव्हता.

दुसरे उदाहरण ‘आदिपुरुष’चे. ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाच्या या चित्रपटासाठी हालचाली टिपण्याचे काम २०२१ च्या जानेवारीत सुरू झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पहिली झलक आली, तेव्हा ही पात्रे संगणकावरच्या खेळातील बाहुल्यांसारखी दिसतात, अशी टीका उसळली. जानेवारी २०२३ मध्ये ठरलेले प्रदर्शन जूनवर ढकलावे लागले. प्रेक्षकांच्या तोंडी तेव्हा ‘व्हीएफएक्स वाईट’ हा एकच वाक्प्रचार होता. ते काम किती दिवसांत करावयास सांगितले गेले, कितीदा बदलावयास लावले, हे कोणी विचारले नाही. थोडक्यात, पात्र गाजले तर श्रेय ताऱ्याचे आणि फसले तर दोष निनावी कारागिराचा, अशी ही वाटणी आहे.

कापसाचा जुना धडा

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबले आणि भाव कोसळला. भाव चढला तो येथील शेतकऱ्याच्या कर्तृत्वाने नव्हे आणि पडला तोही त्याच्या चुकीने नव्हे. कापूस येथून गेला, कापड तेथून आले आणि मधला फायदा ज्यांच्या हाती सूत, माग व बाजार होते त्यांना मिळाला. म्हणूनच पुढे जळगावला खानदेश मिल, अमळनेरला प्रताप मिल आणि धुळ्याला न्यू प्रताप मिल उभी राहिली, तेव्हा येथे केवळ रोजगारच आला असे नव्हे. कच्च्या मालावरची प्रक्रिया आपल्या हाती घेण्याचाही तो प्रयत्न होता. त्या गिरण्यांचा काळ मागे पडला, पण त्यांनी शिकविलेला धडा मागे पडलेला नाही.

माणसाच्या अंगाची हालचाल हा आज असाच एक कच्चा माल झाला आहे. कापसाशी तुलना करता त्यात एक मोठा फरक मात्र आहे. कापसाचे बोंड एकदाच विकले जाते आणि एकदाच कातले जाते. टिपलेली हालचाल संपत नाही. एका चित्रपटासाठी नोंदलेले पाऊल दुसऱ्या चित्रपटातील सैनिकाला देता येते, तिसऱ्या जाहिरातीत वापरता येते, संगणकीय खेळात हजार वेळा फिरविता येते. आता तर अशा नोंदींवर कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवून, मूळ माणसाला न बोलाविताच नवी हालचाल निर्माण करता येते. ज्या मालाचा उपयोग अनंत वेळा होऊ शकतो, त्याची किंमत एका दिवसाच्या मजुरीने चुकती झाली असे मानणे, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.

दूर अमेरिकेतील नटांना ही गोष्ट वेळीच उमगली. तेथील नटांच्या संघटनेने जुलै २०२३ मध्ये पुकारलेला संप ११८ दिवस चालला आणि नटाची संगणकीय प्रतिकृती करावयाची तर त्याची संमती व मोबदला आवश्यक, हे तत्त्व निर्मात्यांकडून मान्य करून घेऊनच तो मिटला. जुलै २०२४ मध्ये संगणकीय खेळांसाठी आवाज आणि हालचाल देणाऱ्या कलावंतांनी वेगळा संप केला. तो थांबण्यास जून २०२५ उजाडले. या दुसऱ्या संपात प्रसिद्ध तारे असे थोडेच होते. पडद्यावर ज्यांचा चेहरा कधी दिसत नाही, अशा धडपड्या, उड्या मारणाऱ्या, पडून दाखविणाऱ्या माणसांचा तो संप होता.

संगणकापुढे बसणाऱ्या कारागिराची स्थिती याहून सुरक्षित आहे, असे मात्र कोणी समजू नये. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील वाघ बहुतांशी संगणकावर घडविलेला होता. तो घडविणाऱ्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ या कंपनीची मुंबई आणि हैदराबाद येथेही कार्यालये होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कामाला ऑस्कर मिळाले, तेव्हा ही कंपनी दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळी झालेली होती. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, टेक्निकलर हा जुना व नामांकित समूह कोसळला आणि त्याची बंगळुरू व मुंबईतील कार्यालये अचानक बंद झाली. ‘द जंगल बुक’ आणि ‘द लायन किंग’ या चित्रपटांतील प्राणी ज्या एमपीसी कंपनीने घडविले, ती याच समूहातील. ज्यांच्या हातांनी जगाला सिंह दाखविला, त्यांच्यावर एका दिवसात नोकरी शोधण्याची पाळी आली. चित्रपटांनी मिळविलेल्या पैशात या कंपन्यांचा वाटा नसतो. त्यांना ठरलेली रक्कम मिळते आणि बदल वाढले की तोटा त्यांच्या माथी येतो. जिनिंगवाला बुडाला तरी कापडाच्या दुकानाची पाटी तशीच राहते, त्यातलाच हा प्रकार.

यादीतील नाव आणि कायदा

नावांच्या यादीला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. केवळ मानपानाचा हा प्रश्न असता, तर अग्रलेखाच्या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु भारतीय कायद्याने नाव आणि हक्क यांची गाठ बांधलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलावंत’ कोण, याची व्याख्या मोठी उदार आहे. नट, गायक, नर्तक यांच्या जोडीला कसरती करणारा, जादूगार, इतकेच काय, गारुडीही तीत येतो. अंग आकड्यांत उतरविणारा नट या व्याख्येत बसण्यास हरकत नसावी. २०१२ च्या दुरुस्तीने अशा कलावंताला आपले नाव दिले जाण्याचा आणि आपल्या कलेचे विद्रूपीकरण रोखण्याचा नैतिक हक्क दिला. व्यापारी उपयोगासाठी मानधनाचा हक्कही मान्य केला.

तथापि, त्याच दुरुस्तीने व्याख्येला एक परंतुक जोडले. चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या प्रथेनुसार ज्याचे नाव नामावलीत कोठेही येत नाही, तो विद्रूपीकरणाला हरकत घेण्यापुरताच कलावंत, एरवी नव्हे. म्हणजे ज्याचे नाव गाळण्याची प्रथा पडली, त्याचा हक्कही गळण्याची वाट मोकळी झाली. वानरसेनेतील चाळिसाव्या वानराला अंग देणाऱ्या तरुणाचे काम ‘प्रासंगिक’ की नाही, हे ठरविणार कोण? आणि संगणकापुढील कारागीर तर या व्याख्येत मुळातच येत नाही. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, वेगळा करार नसल्यास, मालक असतो, असा सर्वसाधारण नियम आहे.

ज्यांचे नाव मोठे आहे, त्यांना न्यायालयाचे दार उघडे असते. अमिताभ बच्चन यांनी २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांनी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून आपले नाव, आवाज आणि प्रतिमा यांना संरक्षण मिळविले. गायक अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तसा दिलासा दिला. हे योग्यच झाले. परंतु साध्या चित्रफितीवरून हालचाल उचलता येत असेल, तर कानबाईच्या मिरवणुकीत नाचणारी स्त्री, लग्नाच्या वरातीपुढे नाचणारा पोरगा अथवा तमाशातील नर्तकी यांच्या पावलांना कोणते संरक्षण आहे? ज्यांची पावले वापरली गेली हे त्यांनाच कळणार नाही, ते न्यायालयात कशाच्या आधारे जाणार?

कायदा अशा विषमतेपुढे नेहमीच हतबल असतो असे नाही. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनाचा असा हक्क दिला, की तो निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. त्याआधी एकरकमी पैसे घेऊन गाणे देणे हीच रीत होती आणि ती बदलल्यास चित्रपटव्यवसाय बुडेल, असेही सांगितले जात होते. व्यवसाय बुडाला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत दृक्‌श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत अ‍ॅनिमेशनचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अशा निर्मितीतील कामगाराशी लेखी व नोंदणीकृत करार असावा, असे तीत म्हटले आहे. पाया घातला गेला आहे. त्यावर भिंत उभारण्याची इच्छा हवी.

अनुदानाची अट

ती संधी आज महाराष्ट्र शासनाच्या हाती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, संगणकीय खेळ आणि तत्सम उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० सालापर्यंतचा विचार करून त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आखण्यात आला. उद्योगाला सवलती देण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु हा पैसा जनतेचा आहे आणि जनतेच्या पैशाला अटी घालण्याचा अधिकार जनतेला आहे. जो निर्माता वा जी कंपनी या धोरणाखाली एक रुपयाचीही सवलत घेईल, तिने तीन गोष्टी कराव्यात, असे शासनाने ठरवावे.

पहिली, ज्याने अंग दिले आणि ज्याने त्यावर काम केले, त्या प्रत्येकाचे नाव, मग ते काम कितीही लहान असो, नामावलीत यावे. दुसरी, टिपलेली हालचाल ज्या चित्रपटासाठी घेतली त्याच चित्रपटापुरती वापरावी. अन्यत्र वापरावयाची किंवा यंत्राला शिकविण्यासाठी द्यावयाची तर नवी संमती आणि नवा मोबदला असावा. तिसरी, करार लेखी असावा आणि सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीतही असावा.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. एक असा, की असे नियम केले तर काम दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात जाईल. या आक्षेपात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. स्वस्त मजुरी हेच ज्या उद्योगाचे आकर्षण असते, तो उद्योग त्याहून स्वस्त मजुरीकडे जातोच. परंतु मग तो कधीतरी जाणारच आहे, आणि बंगळुरूचा फेब्रुवारी २०२५ चा अनुभव काहीही नियम नसताना आलेला आहे. शिवाय यादीत एक ओळ वाढविण्यास खर्च येत नाही आणि हालचाल एकदाच वापरावयाची असेल तर दुसऱ्या अटीचाही भार पडत नाही. भार पडतो तो ज्याला एका दिवसाच्या मजुरीत आयुष्यभराचा माल हवा आहे, त्याच्यावर. दुसरा आक्षेप असा, की हे दोन पक्षांतील खुशीचे करार आहेत. त्यांत शासनाने का पडावे? कामाच्या शोधात नुकताच महानगरात उतरलेला तरुण आणि कोट्यवधींची निर्मितीसंस्था यांच्यातील कराराला खुशीचा म्हणावयाचे असेल, तर सावकाराच्या कागदावरील अंगठाही खुशीचाच म्हणावा लागेल.

शासनाप्रमाणेच येथील शिक्षणसंस्थांवरही एक जबाबदारी येते. विद्यार्थ्याला संगणकावर हाडामांसाचा आभास निर्माण करण्यास शिकविताना करारपत्र कसे वाचावे, हे शिकविण्याची सोय अभ्यासक्रमात असावयास हवी. कोणत्या कलमाने आपला हक्क जातो, नामावलीत नाव का मागावे, काम बंद पडले तर थकलेल्या वेतनासाठी कोठे अर्ज करावा, या गोष्टी चार तासिकांत शिकविता येण्याजोग्या आहेत. पालकांनीही प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी केवळ भिंतीवरची चकचकीत चित्रे न पाहता, येथून शिकून गेलेली मुले आज कोठे, कोणत्या पगारावर आणि कोणत्या अटींवर काम करीत आहेत, याची चौकशी करावी. कापसाचा भाव विचारल्याशिवाय गाडी बाजारात न नेणाऱ्या घरांना ही शहाणीव शिकविण्याची गरज नाही. फक्त ती नव्या मालाला लावावयास हवी.

यंत्र थांबविता येणार नाही आणि थांबवूही नये. उद्या अहिराणी बोलणारी संगणकीय पात्रेही पडद्यावर येतील आणि त्यांना पाहून खानदेशातील प्रेक्षक मनापासून हसेल, टाळ्या वाजवील. ते व्हावे. परंतु त्या पात्रांच्या आत ज्याचे पाऊल आहे आणि त्यांच्या अंगावर ज्याची रात्र खर्ची पडली आहे, तो माणूस निनावी राहता कामा नये. मशालीच्या उजेडात जे साध्या पाड्यांना साधले, ते कोट्यवधींच्या चित्रपटाला अवघड का असावे? आणि तोवर प्रेक्षकालाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. दिवे लागल्यावर दोन मिनिटे अधिक थांबावे आणि ती नावे वाचावीत. त्यांत एखादे पाचोऱ्याचे, शिरपूरचे अथवा साक्रीचे आडनाव असण्याचा संभव आता राहिलेला नाही, असे कोणीही म्हणू शकणार नाही.